सरकारचं गोत

सरकारची माफी वाचून झाल्यावर मोंगीलाल जांबेकरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "ते सगळं बरोबर आहे, साहेब. पण गोत कोणतं?"

मोहाच्या झाडाखाली घातलेला मांडव एकदम चिडीचूप झाला. माफी वाचणारे साहेब म्हणजे प्रभंजन उपासनी, मंत्रालयातल्या क्षमापन कक्षाचे अवर सचिव. नाव प्रभंजन, पण माणूस असा, की दार उघडताना दाराचीही परवानगी घेईल. मंजूर मसुदा त्यांनी एकही स्वल्पविराम न चुकवता वाचला होता, आणि आता ते टाळ्यांची वाट पाहत होते.

"माझं?" ते चाचरत म्हणाले. "कौशिक."

"कौशिक म्हणजे झाड की वेल?"

"ऋषी."

"ऋषी काही आम्हाला उठवायला आले नव्हते," मोंगीलाल म्हणाले. "ते तुमचं झालं. मी सरकारचं विचारतोय. माफी कोण मागतंय, तुम्ही की सरकार?"

"सरकार."

"मग त्याचं सांगा."

मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या सुमरतीने डोळे मिटून घेतले. मोंगीलाल तिचे वडील. आणि ज्या यंत्रामुळे सरकारवर माफी मागायची वेळ आली, ते यंत्र तिचं.

त्या यंत्राला थरवाचक म्हणत. लोखंडी ट्रंकेएवढं, तसंच खडखडणारं. त्यामागचा विचार मात्र साधा होता. जिवंत गोष्ट सतत झडत असते. पान गळतं, पराग उडतात, केस पडतो, गाय शेण टाकते, माणूस थुंकतो. आणि अशा प्रत्येक कणात त्या त्या जिवाच्या डीएनएचे तुकडे असतात. थंड प्रदेशांतल्या मातीत ते हजारो वर्षं टिकतात, हे माहीत होतं. आपल्याकडच्या ऊनपावसात ते लगोलग कुजतात, अशी समजूत होती. अमरावतीच्या प्रयोगशाळेत सुमरतीने दाखवून दिलं, की आपल्याकडेही एका ठिकाणी ते टिकतात : कोळशात. कोळशाचा कण मोठा करून पाहिला तर मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. आसपासचं जे काही झिरपेल ते त्या भोकांत जाऊन बसतं, आणि तिथे ते कुजवणाऱ्या जंतूंच्या हाती लागत नाही. म्हणजे माणसाने जिथे जिथे चूल पेटवली, तिथे तिथे त्या जागेची आठवण थरावर थर साठत गेली. व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसून ज्वारी बघतो, तशी नळी जमिनीत खुपसायची, मातीची कांडी काढायची आणि थरवाचकात ठेवायची. कोणत्या काळी तिथे काय उगवत होतं, काय चरत होतं, ते पडद्यावर उमटायचं.

सातपुड्याच्या एका घडीत वसलेलं रायढाणा हे कोरकूंचं गाव मोंगीलाल लहान असताना उठवलं गेलं होतं. हे लोक जंगल मोडतात आणि वाघाला जागा हवी, असं कारण दिलं होतं. गावच्या विझलेल्या चुलींनी मात्र उलटीच साक्ष दिली. गाव वसण्याआधी तिथे नुसतं दाट रान होतं. चुली पेटल्या तसा मोह आला, चारोळी आली, आवळा आला, उतारावर मोकळं गवत आलं. गवतावर हरणं आली आणि हरणांमागोमाग वाघ आला. चुली विझल्या तसं गवत गेलं, हरणं आटली, आणि वाघ डोंगर ओलांडून अशा जंगलात गेला, जिथे अजून एक गाव शिल्लक होतं!

प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी कायदा झाला. कायदा लिहिताना कोणा हळव्या मसुदाकाराने एक वाक्य जास्तीचं घातलं : माफी मूळ गावठाणावर मागितली जाईल, आणि तिथले लोक ती आपल्या रीतीप्रमाणे स्वीकारतील तेव्हाच ती पुरी झाली असं मानलं जाईल. ती पुरी झाली की जंगलाच्या नाक्याचं फाटक उघडणार आणि रायढाण्याची माणसं घरी परतणार. त्या जास्तीच्या वाक्याकडे मंत्रालयात कोणाचं लक्ष गेलं नाही. मोंगीलालांनी ते लेकीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं होतं.

रायढाण्याची रीत अशी, की एकट्या माणसाला माफी मागता येत नाही. तो चूक कबूल करतो तेव्हा त्याचं गोत मागे उभं राहतं आणि म्हणतं, हा पुन्हा चुकला तर आमच्या दारात या. गोत म्हणजे कोणाचं झाड, कोणाचा वेल. जांबेकर जांभळाचे, साकोमे सागाचे. तुमच्या गोताचं झाड दुसऱ्याच्या गोठ्यावर पडलं तर गोठा तुम्ही बांधून द्यायचा. मग झाड तुम्ही लावलेलं असो वा नसो.

हे सगळं ऐकून उपासनी म्हणाले, "मग आम्हाला एखाद्या गोतात घ्या ना!"

वर्गणीचा विषय निघावा तशी सगळी मंडळी इकडेतिकडे बघू लागली.

"साग सरकारचा लाडका," मागून कोणीतरी म्हणालं. "सागात घाला."

"आमच्यात?" झिंगरीबाई साकोमे ताडकन उठल्या. मोंगीलालांच्या बरोबरीच्या, त्यांच्याशी लहानपणापासून भांडत आलेल्या. "इतकी वर्षं सागावर नंबर घालत हिंडला. कधी एका शब्दाने म्हणाला, की वहिनी, जेवलीस का? उद्या हा कुठे धरण बांधेल, आणि लोक माझ्या दारात येतील. झिंगरे, तुझा दीर चुकला म्हणतील. नको गं बाई. मोंग्याला हौस आहे, जांभळात घ्या."

"जांभळात घेतला तर तो माझा भाऊ झाला," मोंगीलाल शांतपणे म्हणाले. "भावाने भावाची माफी मागितली तर तो घरातला मामला. कायद्यात बसेल का, साहेब?"

उपासनींनी विचार केला. नसतं बसलं. काकडीच्या गोतातल्या लोकांनी आम्ही आधीच थोडे आहोत, असं सांगून टाकलं. माफी तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी वाहिन्यांवर पट्टी धावत होती : सरकारला गोत मिळेना.

सपाटीवरच्या पुनर्वसनातल्या घरी सुमरती वडिलांवर चिडली. एवढी ती आयुष्यात कधी चिडली नव्हती.

"आबा, तुम्हाला परत जायचंय की नाही? लहानपणापासून रोज जेवताना रायढाणा ऐकलंय मी. तिथलं पाणी असं, तिथला मोह तसा. गुडघे थकले तुमचे. मी दहा जागची माती उकरून सरकारला खोटं ठरवलं. हरलंय ते. हरलेल्याला आणखी कशाला हरवताय?"

"हरवत नाही, पोरी," मोंगीलाल म्हणाले. "बांधून घेतोय."

अंगणातल्या बाजेवर त्यांनी तिला शेजारी बसवलं.

"आम्हाला उठवायला आलेला साहेब वाईट नव्हता. मला लिंबाची गोळी दिली त्याने. तिकडे पाणी देतो म्हणाला. वर्षाने माझी आई त्याला भेटायला गेली, पाणी नाही म्हणून सांगायला. तर खुर्चीत दुसराच साहेब. तो म्हणाला, बाई, तेव्हा मी नव्हतो. खरंच नव्हता तो. पुढच्या वर्षी तिसरा. तोही म्हणाला, मी नव्हतो. सगळे खरं बोलत होते. म्हणून तर आईला भांडता येईना." त्यांनी बाजेची सुटलेली दोरी आत खोचली. "ज्याला घर नाही, भाऊ नाही, तो लाजणार कोणापुढे? हा प्रभंजन भला दिसतो. पण उद्या हाही जाईल. पुन्हा चूक झाली तर मी कोणाच्या दारात जाऊ, सांग."

 सुमरतीचा राग तिथेच बसला.

ती म्हणाली, "गोत नसलेलं कोणी आपल्या गावात कधी आलंच नाही का?"

"आलं की. काकडीवाले तसेच आले म्हणतात, बाहेरून. मग म्हाताऱ्यांनी बघितलं, यांनी पहिली चूल मांडली तिच्याभोवती काय उगवलं. काकडीचा वेल होता. तेच गोत दिलं."

"पहिली चूल?" सुमरती उठून उभीच राहिली. "आबा, रायढाण्यात सरकारची पहिली चूल कुठे पेटली?"

मोंगीलाल हसले. हा प्रश्न यायची ते वाटच पाहत असावेत, असं तिला उगीच वाटून गेलं.

गावाच्या कडेला गोऱ्या साहेबाच्या काळातला डाकबंगला होता. छप्पर गेलं होतं, पण स्वयंपाकघराची चूल जागेवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमरतीने तिथे नळी रोवली. बाह्या सरसावून नळीवर हातोड्याचा पहिला घाव उपासनींनी घातला, तो स्वतःच्या अंगठ्यावर बसला. पुढचे घाव त्यांच्या जीपच्या ड्रायव्हरने घातले. मातीची काळपट कांडी थरवाचकात गेली आणि सगळा रायढाणा पडद्यापुढे दाटीवाटीने बसला.

"सगळ्यात खाली," सुमरतीने वाचलं, "जांभूळ."

"मी सांगतच होतो!" मोंगीलाल म्हणाले. "बंगला आमच्या जांभळीतच बांधला मेल्यांनी."

"मग कोळसा सुरू. म्हणजे बंगला आला. त्यात कोंबडी."

"पुढे?"

"कोंबडी. त्यावरच्या थरातही कोंबडी. त्यावर..." ती जरा थांबली. "कोंबडीच."

बंगल्याच्या उरल्यासुरल्या भिंती हसण्याने हादरल्या.

"माझ्या आजेसासूच्या कोंबड्या!" झिंगरीबाई ओरडल्या. "पैसा कधी दिला नाही, आता कोळशात सापडल्या!"

"सरकारचं गोत कोंबडी!"

उपासनींचा चेहरा उतरला. राज्यातल्या झाडून साऱ्या कोंबड्यांनी जिथे जिथे दाणे टिपले, तिथली भरपाई त्यांच्या डोळ्यांपुढून सरकू लागली.

"थांबा," सुमरती म्हणाली. "गोत शिजलेल्याचं नसतं, उगवलेल्याचं असतं. हो ना, आबा?"

तिने पडद्यावर बोट फिरवलं. कोंबडी गेली, बटाटा गेला, चहा गेला. एकच रेघ उरली. जांभळाच्या थरात तिचा मागमूस नव्हता. चुलीच्या पहिल्या निखाऱ्यापाशी ती केसासारखी बारीक सुरू झाली होती आणि वर येता येता मनगटाएवढी जाड झाली होती. शेजारचं नाव वाचून सुमरतीला हसू आवरेना.

"काय आहे, मॅडम?" उपासनींनी भीतभीत विचारलं.

"घाणेरी."

कोणा साहेबाच्या मडमेने बंगल्याच्या कुंपणाला रंगीत फुलं हवीत म्हणून लावली असेल. मूळची सातासमुद्रापलीकडची. पाखरांनी फळं खाल्ली, बिया रानभर नेल्या, आणि आता आख्खा डोंगर तिने भरला होता.

"मशीन शहाणं आहे," झिंगरीबाई म्हणाल्या. "बोलावलं कोणी नव्हतं, तरी आली. गुरं खात नाहीत, माणसं खात नाहीत. उपटली तर दुपटीने उगवते. एकदा आली की जात नाही. सरकारचं याच्याहून दुसरं काय गोत असणार?"

"फुलं बरी असतात," उपासनी पुटपुटले.

"फुलं बरी असतात," मोंगीलालांनी मान्य केलं. "पण गोताला माणूस लागतो. कोण होतंय?"

उपासनी टेकाडावर चढले, कारण रेंज तिथेच येत असे. सुमरतीही त्यांच्या मागोमाग गेली. पलीकडून सचिव मॅडमचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

"शासनावर आर्थिक भार पडतो का?"

"थेट नाही, मॅडम."

"मग हरकत नसावी. पण बदलीनंतर काय, ते विचारून घ्या."

उपासनींनी टेकाडावरून हाक मारून विचारलं. खालून मोंगीलालांचा खणखणीत आवाज आला, "बदली खुर्चीची होते, साहेब! गोताची कशी होईल?"

उपासनी फोन हातात धरून नुसतेच उभे राहिले. पुण्याजवळच्या चांगल्या जागेसाठी त्यांनी अर्ज केलेला होता, हे सुमरतीला ठाऊक होतं. खाली माणसं होती, पडका बंगला होता आणि जिकडे नजर जाईल तिकडे घाणेरी होती.

"काय म्हणाले ते?" मॅडमनी विचारलं.

"काही विशेष नाही, मॅडम," उपासनी म्हणाले आणि त्यांनी फोन खिशात टाकला.

बाजाराचा दिवस उलटल्यावर पुन्हा मोहाखाली सगळे जमले. या वेळी हातात कागद घ्यायचा नाही, असं ठरलं होतं. कागदाविना उपासनींचे हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं.

"मागे कोणी दिसत नाही," मोंगीलाल म्हणाले.

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. "पगार तर मीही तिथूनच घेतो," असं म्हणत तो येऊन उभा राहिला. बंदोबस्ताला आलेले पोलीस एकमेकांकडे बघत आले. नाक्यावरचा चौकीदार आला. पगाराचा विषय निघालाच होता, तेव्हा सुमरतीनेही एक पाऊल टाकलं.

"तू कुठे निघालीस?"

"प्रयोगशाळा सरकारीच आहे, आबा."

"तू जांभळाची. गप उभी राहा," मोंगीलालांनी डोळे वटारले, आणि सगळे हसले.

"मी प्रभंजन," उपासनी म्हणाले. "घाणेरीच्या गोताचा." पुन्हा हशा झाला, तो ओसरेपर्यंत ते थांबले. "आम्ही तुम्हाला इथून उठवलं. तुम्ही जंगल मोडता म्हणालो. ते खोटं होतं. त्यामुळे तुम्हाला..."

ते अडकले. मंजूर मसुद्यात या जागी 'अपरिमित वेदना' असे शब्द होते. ते त्यांनी तोंडाशी आणून परत गिळले, हे सुमरतीने स्पष्ट पाहिलं.

"त्या दिवशी काय झालं, मला खरंच माहीत नाही," ते म्हणाले. "सांगाल का?"

 मोंगीलालांनी सांगितलं. ट्रक आला होता. आईने दाण्याची मडकी चढवली, कोंबड्या चढवल्या, मग जातं आणलं. ट्रकवरचा माणूस म्हणाला, दगड काय, तिकडेही आहेत. जातं दारातच राहिलं. तिकडे आईने दुसरं जातं घेतलं, पुढे गिरणीही आली, पण भाकरी खाताना ती कायम म्हणायची, पीठ परक्या घरचं लागतं. अगदी शेवटच्या भाकरीपर्यंत म्हणायची.

"बस, एवढंच," मोंगीलाल म्हणाले. "ते जातं तिथे आहे."

त्यांनी बोट दाखवलं तिकडे घर दिसत नव्हतं. घाणेरीची पुरुषभर उंच भिंत होती.

उपासनींनी त्या भिंतीकडे पाहिलं. मग चौकीदाराच्या कमरेचा कोयता मागून घेतला आणि ते आत घुसले. काटेरी फांद्यांनी सदरा फाटला, हात ओरबाडले. सुमरती पुढे धावली तसं मोंगीलालांनी तिचं मनगट धरलं. "त्याचं गोत आहे. त्यालाच आवरू दे." ड्रायव्हर मात्र न सांगता आत शिरला, त्याच्यामागे पोलीस.

झिंगरीबाईंना ते बघवेना. "अरे, मुळाशी घाल! शेंडे काय खुडतोस? देवपूजेला बसलायस का?"

शेवटी जातं दिसलं. वरची तळी खालच्या तळीवर तशीच होती, शेवाळलेली. उपासनींनी ते उचलायचा प्रयत्न केला, पण तसूभरही हललं नाही. ते वाकून धापा टाकत असताना समोरच्या बाजूने दोन सुरकुतलेले हात आले. मोंगीलाल गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसले होते.

"धर, भाऊ," ते म्हणाले. "जोर एकदम लावायचा."

जातं बाहेर आलं. "आम्ही ऐकलं," मोंगीलाल म्हणाले. "ऐकलं," असं सगळा रायढाणा म्हणाला. मग रीतीप्रमाणे पळसाच्या एकाच पानावर दोघांनी कुटकीचा भात खाल्ला आणि माफी पुरी झाली. फाटक त्याच दुपारी उघडलं.

दिवाळीच्या आतच उपासनींची बदली झाली, तीही मत्स्य खात्यात. त्यांच्या जागी आलेल्या तरुण बाईंनी विचारलं, "पदभारात काय काय आहे?"

"कपाटाच्या किल्ल्या, जीप आणि गोत," उपासनींनी सांगितलं. बाईंना ती थट्टा वाटली. रायढाण्यात पळसाचं पान पुढे आलं तेव्हा ती थट्टा नाही हे त्यांना समजलं. बाईंनंतर आणखी कोणी आलं, त्यांच्यानंतर आणखी कोणी. सगळे भात खाऊन गेले, आणि गोत वाढत राहिलं.

सुमरती सुट्टीत गावी आली होती त्या पावसाळ्यात ओढ्यावरचा पूल वाहून गेला. मोंगीलालांनी टेकाडावर चढून फोन लावला. पलीकडे उपासनी होते.

"भाऊ, तुमच्या लोकांनी बांधलेला पूल पहिल्याच पुरात गेला. पोरं शाळेत जाईनात."

"मोंगीलालभाऊ, अहो, तो पूल झाला तेव्हा मी..."

वाक्य तिथेच तुटलं. शेजारी उभी असलेली सुमरती फोनकडे सरकली. 

"येतो," उपासनी म्हणाले.

ते एकटे आले नाहीत. बदल्या होत होत बांधकामात गेलेला एक गोतवाला, पाणीपुरवठ्यात गेलेला एक, आता शिक्षण खात्यात असलेल्या त्या तरुण बाई आणि तोच ड्रायव्हर, असे चिखल तुडवत, एकमेकांवर चूक ढकलत ओढ्याशी पोचले. कोणाकडून काय राहिलं यावरून त्यांच्यात घरातल्यासारखं भांडण झालं, आणि ते मिटेपर्यंत तात्पुरत्या पुलाचे ओंडके टाकून झाले होते.

अंगणात जातं घरघरत होतं. चिखलाने भरलेली सगळी माणसं ओटीवर ओळीने बसली. त्यांच्याकडे बघत झिंगरीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एवढी कुटकी आणू कुठून मी? म्हटलं नव्हतं तुला, मोंग्या? घाणेरी एकदा आली की जात नाही."

मोंगीलालांनी जात्यात मूठभर दाणे टाकले.

"म्हणून तर लावली, झिंगरे," ते म्हणाले.